लेखणीची शिलेदारी

मराठ्यांच्या घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत, हें इतिहासाच्या तासास आपण शिकलेलेच आहां. बारगिरास घोडा व हत्यार सरकारांतून मिळे. शिलेदार मात्र आपला घोडा आणि आपलें हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराचा घोडा मेला तर दुसरा देणें सरकारचें काम. शिलेदाराच्या घोड्याचा चारा, त्याचा नाल, त्याचें आजारपण, सर्व कांहीं शिलेदाराच्याच शिरावर. कोणाच्याहि कायम नोकरींत न राहतां, ज्याचें काम मिळेल त्याचें लेखन करून देणाऱ्यास इंग्रजींत 'फ्रीलान्स' म्हणतात. हा शब्दहि मूळचा लढाईंतलाच आहे. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरींत मोल घेऊन लढणाऱ्या भालाइतांस तो लाविलेला आढळतो. तेव्हां या धंद्यास मराठींत लेखणीची शिलेदारी म्हटलें, तर त्यांतील स्वातंत्र्य आणि त्यांतील जोखीम दोन्ही एकाच शब्दांत येतात.

पालकसभेच्या दिवशीं आम्हां शिक्षकांस एक प्रश्न हल्लीं वारंवार ऐकूं येतो. "सर, पोरगी म्हणते मी लेखिका होणार. लिहून पोट भरतं का हो?" विचारणारा बाप भोसरीच्या अगर चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा असतो, किंवा दिघीच्या लष्करी वसाहतींत राहणारा जवान असतो. त्यास मुलीचें कौतुक असतें आणि काळजीहि असते. हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. म्हणून त्याचें उत्तर येथें जरा विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम कटु भाग सांगून टाकतों. केवळ कथा-कवितांवर मराठींत ज्यांचें घर चालले असे लोक फार थोडे. आपल्या पाठ्यपुस्तकांतून ज्यांचीं नांवें आपण वाचतो त्यांचें चरित्र उघडून पाहावें. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेंत शिक्षक होते. साने गुरुजी अमळनेरास शिकवीत. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅंपांतील शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि ना. सी. फडके महाविद्यालयांत प्राध्यापक होते. प्रेषित पौलानें मंडळ्यांस लिहिलेलीं पत्रें आज दोन हजार वर्षें वाचलीं जात आहेत. पण करिंथांत असतां तो तंबू शिवून आपला चरितार्थ चालवीत होता, हेंहि प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. दहावी होतांच जो मुलगा 'मी आतां फक्त कविताच लिहीन' असें जाहीर करतो, त्याच्या बापानें कपाळास हात लाविला तर आम्ही बापास दोष देणार नाहीं.

तथापि कथा-कविता म्हणजे लेखनाच्या मोठ्या वाड्यांतील एक खोली होय. बाकीच्या खोल्यांकडे आपलें लक्ष जात नाहीं, कारण तेथें काम करणाऱ्यांचीं नांवें मुखपृष्ठावर छापलीं जात नाहींत. त्या खोल्यांचें दार कसें उघडतें हें समजण्यास आपल्याच जिल्ह्याशीं निगडित असलेल्या एका थोर स्त्रीचें उदाहरण आम्हांस फार उपयोगी वाटतें.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील पुराणिक, सर्व कुटुंब गांवोगांव फिरून पुराण सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राही. आईबाप दुष्काळांत गेले. १८८२ च्या आरंभीं पतीचें निधन झालें, आणि चोविसाव्या वर्षीं एक तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. पैसा नाहीं, माहेर नाहीं, सासरचा आधार नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं 'स्त्रीधर्मनीति' हें मराठी पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें. या पुस्तकाच्या उत्पन्नावर १८८३ सालीं त्यांच्या विलायतच्या प्रवासाचा खर्च निघाला. पुढें १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान-समारंभाच्या निमित्तानें त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथें १८८७ सालीं 'द हाय-कास्ट हिंदु वुमन' हें इंग्रजी पुस्तक लिहिलें. त्याच्या प्रती हजारोंनीं खपल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथें त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी मंडळी स्थापन झाली, आणि १८८९ च्या मार्चमध्यें मुंबईस शारदासदन उघडलें. केडगांवचें मुक्तिसदन तें याच कार्याचें पुढील रूप.

हा वृत्तांत पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु त्यांतील एक गोष्ट बहुधा नजरेंतून सुटते. अमेरिकेंतील वाचकांसाठीं रमाबाईंनीं हिंदुस्थानांतील स्त्रियांविषयीं लिहिलें. आणि १८८९ सालीं मराठी वाचकांसाठीं पुस्तक लिहिलें तें अमेरिकेविषयीं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हें. लेखिका एकच. पण ज्या वाचकास जें ठाऊक नाहीं आणि जें जाणून घेण्याची त्यास इच्छा किंवा गरज आहे, तेंच त्याच्यापुढें त्याच्या भाषेंत ठेविलें. 'मला काय लिहावेंसें वाटतें?' हा एक प्रश्न झाला. 'मला ठाऊक आहे तें कोणास ठाऊक नाहीं, आणि त्यास तें हवें आहे काय?' हा दुसरा. लेखणीची कमाई होते ती या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून.

आतां हा प्रश्न दिघीस विचारून पाहूं. आपलें गांव एका बाजूस आळंदीस व दुसऱ्या बाजूस पुण्यास जोडलेलें, शेजारीं भोसरीची औद्योगिक वसाहत, थोडें पुढें चाकण. आपल्या वर्गांत मराठी, हिंदी, मल्याळम, तेलुगु, पंजाबी बोलणारीं मुलें एका बाकावर बसतात. कारखान्यांत विदेशी यंत्रें येतात. त्यांबरोबर इंग्रजी पुस्तिका येतात. आणि यंत्रावर उभा राहणारा मनुष्य मराठी किंवा हिंदी वाचणारा असतो. कारखान्यांत लावावयाच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांस समजेल अशा भाषेंत असल्या पाहिजेत, असा दंडक १९४८ च्या कारखाना अधिनियमानेंच घातला होता. हें लिहावयाचें कोणी? बहुतेक ठिकाणीं ज्यास दोन्ही भाषा जेमतेम येतात असा कारकून तें उरकतो, आणि फलकावर असें मराठी येतें कीं वाचणारा पुन्हां इंग्रजीकडेच वळतो.

आमचा एक माजी विद्यार्थी आय. टी. आय. करून एका लहान कारखान्यांत उमेदवार म्हणून लागला. तेथील प्रेसवर लाविलेल्या सूचनेंत 'आपत्कालीन विराम कळ कार्यान्वित करावी' असें छापलेलें होतें. त्यानें एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून दिलें, "लाल बटण दाबा. यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय हात आंत घालूं नका." डाय, कूलंट, गार्ड हे कामगारांच्या तोंडचे शब्द त्यानें तसेच ठेविले, त्यांस संस्कृतचा अंगरखा चढविला नाहीं. मालकानें तो कागद पाहून इतर यंत्रांच्याहि सूचना त्याच्याकडून लिहवून घेतल्या आणि त्याचे निराळे पैसे दिले. पुढें मालकाच्या ओळखीनें आणखी दोन ठिकाणचें काम त्यास मिळालें. अजून तो नोकरी करतो. लेखनाचें काम रविवारीं. प्रेस-यंत्रावर बोटें जाण्याचे प्रसंग या पट्ट्यांत घडतात, हें आपल्या घरांस सांगावयास नको. त्या दोन ओळींचें मोल शब्दांच्या संख्येनें होण्यासारखें नाहीं, आणि तें लेखन नव्हे असें म्हणणाऱ्याशीं आमचें जमणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, आतां यंत्रच क्षणांत भाषांतर करून देतें. मग माणूस कोण विचारतो? आक्षेप खरा आहे. साध्या मजकुराच्या भाषांतरास पूर्वीं जें मोल मिळे तें आतां मिळणें कठीण झालें आहे, आणि ज्या मुलांस केवळ एका शब्दाजागीं दुसरा शब्द ठेवतां येतो त्यांनीं या धंद्यावर भिस्त ठेवूं नये. परंतु वर सांगितलेला 'विराम कळ कार्यान्वित करावी' हा मासला यंत्राच्या भाषांतरांत हमखास भेटतो. तो चुकीचा आहे हें ओळखणारा, आणि कामगार खरोखर काय बोलतो हें ऐकलेला मनुष्य अजून लागतो. पुष्कळ ठिकाणीं आतां कामच असें येतें कीं यंत्राचें भाषांतर तपासून सुधारून द्या. त्यासाठीं दोन्ही भाषांचें व्याकरण पक्कें हवें आणि कान तिखट हवा. लक्ष्मीबाई टिळकांस शाळेचें रीतसर शिक्षण मिळालें नव्हतें. पण 'स्मृतिचित्रें' वाचतांना घरांत बसून त्यांचें बोलणें ऐकत असल्याचा भास होतो, तो त्या कानामुळें.

कारखान्याबाहेरहि कामें आहेत. संस्थांचे वार्षिक अहवाल, दुकानांच्या जाहिराती, मुलाखती लिहून काढणें, श्राव्य पुस्तकांच्या व चित्रफितींच्या संहिता, उपशीर्षकें, पुस्तकांचें मुद्रितशोधन. मुद्रितशोधनास आम्ही मुद्दाम मान देऊं इच्छितों. तें शिकण्यास पैसा लागत नाहीं, आणि ज्याचें ऱ्हस्वदीर्घ पक्कें आहे असा मनुष्य प्रकाशकांस नेहमीं हवा असतो. मराठी विश्वकोशाच्या नोंदी त्या त्या विषयाच्या बाहेरील जाणत्यांकडून लिहवून घेतल्या गेल्या आहेत. मासिकें आणि दिवाळी अंक यांची परंपरा तर आपणांस ठाऊकच आहे. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं 'करमणूक' काढून तींत कादंबरी क्रमशः छापली, आणि 'मनोरंजन'चा १९०९ सालचा अंक पहिला दिवाळी अंक म्हणून ओळखला जातो. दिवाळी अंकांत लिहावयाचें तर दिवाळीची वाट पाहूं नये. ज्येष्ठाच्या अखेरीस माउलींची पालखी आपल्या दिघीवरून पुण्यास जाते, त्या सुमारास संपादकांची जमवाजमव सुरू झालेली असते. बालवाचकांसाठीं लिहिणाऱ्यांनीं पाठ्यपुस्तक मंडळाचें १९७१ पासून निघणारें 'किशोर' मासिक आधीं वर्षभर वाचावें आणि मग त्यास लेख पाठवावा. वाचल्यावांचून पाठविणारे फार. त्यामुळें वाचून पाठविणाऱ्याचा लेख लगेच निराळा दिसतो.

आरंभ करतांना प्रमाणपत्रांपेक्षां नमुने कामास येतात. ज्या प्रकारचें काम हवें त्या प्रकारचे तीन नमुने स्वतः तयार करावे. कोणी मागितले नसले तरी करावे. आपल्या मंडळीच्या उपासना-पत्रिकेचें, गृहनिर्माण संस्थेच्या नियमांचें, काकांच्या दुकानाच्या पत्रकाचें सोप्या मराठींत लेखन करून पाहावें. मग पत्र लिहावें, तें लहान लिहावें, आणि आपणांस काय येतें याहून समोरच्याचें कोणतें काम होईल हें त्यांत आधीं सांगावें. दर सांगण्यापूर्वीं घड्याळ लावून एकदां मोजावें. समजा, हजार शब्दांचें भाषांतर करून, तपासून, स्वच्छ प्रत काढण्यास पांच तास लागले आणि मोबदला पांचशें रुपये ठरला, तर तासास शंभर रुपये पडले. त्यांतून वीज, संगणक, जाण्यायेण्याचा खर्च वजा जावयाचा. हा हिशेब न करितां 'नांव होईल' म्हणून वाटेल त्या दरास हो म्हणणारा शिलेदार लौकरच घोडा विकून बसतो.

यापुढील भाग पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा. लेखकाचा आपल्या लेखनावरील हक्क १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानें संरक्षित केला आहे. लेखन झालें कीं हक्क उत्पन्न होतो. त्यासाठीं नोंदणी सक्तीची नाहीं. लेखकाच्या हयातींत आणि मृत्यूनंतर साठ वर्षें तो टिकतो. साने गुरुजी १९५० सालीं वारले, म्हणून त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०१० च्या अखेरपर्यंत चालला. आतां बारगीर आणि शिलेदार यांतील भेद येथें पुन्हां उपयोगी पडतो. नोकरीचा भाग म्हणून नोकरानें केलेल्या लेखनाचा पहिला धनी, निराळा करार नसल्यास, मालक असतो. स्वतंत्र लेखकाच्या लेखनाचा धनी मात्र सामान्यतः तो स्वतःच, जोंवर तो लेखी सही करून हक्क दुसऱ्यास देत नाहीं तोंवर. तोंडी बोलण्यानें हक्क जात नाहीं. करारांत मुदत लिहिलेली नसेल तर ती पांच वर्षें धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. ज्यास हक्क दिला त्यानें तो वर्षभरांत वापरला नाहीं, तर करारांत निराळें म्हटलें नसल्यास तो हक्क परत येतो.

इतका स्पष्ट कायदा असूनहि नवे लेखक 'सर्व हक्क कायमचे' या तीन शब्दांखालीं न वाचतां सही करतात. कधीं कधीं तसें देणें योग्यहि असतें. यंत्राच्या सूचनापत्रकाचे हक्क स्वतःजवळ ठेवून लेखकास काय करावयाचें? पण कथा, नाटिका, गीत, पाठ यांचें तसें नाहीं. आज मासिकांत छापलेली कथा उद्यां पुस्तकांत जाते, परवां श्राव्य पुस्तकांत, तेरवां चित्रपटांत. म्हणून मासिकास एकवार छापण्याची परवानगी द्यावी आणि बाकी हक्क आपल्यापाशीं आहेत हें पत्रांत एका ओळींत लिहावें.

फसवणुकीचे प्रकारहि सांगितले पाहिजेत, कारण त्यांत आपल्या गांवचे पैसे गेलेले आम्हीं पाहिले आहेत. 'घरबसल्या मजकूर उतरवून द्या, महिना अमुक हजार कमवा' अशी जाहिरात येते. आधीं नोंदणी-शुल्क भरावयास सांगतात. मग काम दिल्यावर अशक्य मुदत घालून 'तुम्हीं करार मोडला' म्हणून दंडाची नोटीस पाठवितात. घाबरून पैसे भरणारीं कुटुंबें असतात. खरें काम देणारा लेखकाकडून पैसे मागत नाहीं, एवढी एक कसोटी पुरे. अशी नोटीस आल्यास पैसे न भरितां पोलिसांच्या सायबर शाखेकडे जावें. १९३० हा दूरध्वनी क्रमांक याच कामासाठीं आहे. दुसरा प्रकार अधिक सभ्य दिसतो. मुलाच्या कवितांचें पुस्तक काढतों म्हणून प्रकाशक बापाकडूनच छपाईचा सर्व खर्च घेतो, आणि प्रती घरांतल्या पलंगाखालीं येऊन पडतात. हौस म्हणून तें करण्यास हरकत नाहीं, लग्नांत बापलोक याहून अधिक खर्च करतात. परंतु त्यास लेखनाची कमाई समजूं नये. पहिल्या पुस्तकासाठीं साहाय्य हवें असल्यास महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिचे नियम पाहून अर्ज करावा.

पैसे वेळेवर न मिळणें हें या धंद्याचें जुनें दुखणें होय. त्यावर आरडाओरड्यापेक्षां कागद अधिक चालतो. काम घेतांना शब्दसंख्या, मुदत, दर, किती वेळां दुरुस्ती करून देणार आणि पैसे किती दिवसांत, एवढें चार ओळींच्या पत्रांत ठरवावें. ई-मेलनें झालें तरी चालतें. नव्या माणसाचें मोठें काम असल्यास तृतीयांश रक्कम आगाऊ मागण्यांत संकोच नसावा. ज्यांचा हा नित्याचा व्यवसाय झाला त्यांनीं 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी, ती फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या अधिनियमाप्रमाणें अशा नोंदलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे ठरलेल्या मुदतींत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत, देणें ग्राहकावर बंधनकारक आहे. कंपनीकडून पैसे येतांना कांहीं भाग आयकर म्हणून कापला गेला असेल तर तो बुडाला असें समजूं नये. तो आपल्या पॅन क्रमांकावर सरकारांत जमा होतो, आणि उत्पन्न करपात्र नसल्यास विवरणपत्र भरून परत मागतां येतो. यासाठीं एक साधी वही ठेवावी. काम केव्हां दिलें, पैसे केव्हां आले, कोणाचे राहिले. सहा महिन्यांनीं ती वहीच सांगते कीं कोणाचें काम पुन्हां घ्यावें आणि कोणास नम्रपणें नाहीं म्हणावें. नोकरी सोडण्याचा विचार मनांत आलाच तर त्याचेंहि उत्तर तींत सांपडतें. वहींत सलग वर्षभर घरखर्चाइतकी रक्कम दिसेपर्यंत नोकरी सोडूं नये, असें आमचें मत आहे.

आपल्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेक अठरा वर्षांच्या आंतील आहेत. १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणें अज्ञानास करार करितां येत नाहीं. म्हणून लेख मुलाचा असला तरी हक्कपत्रावर सही पालकांची लागते. अशा वेळीं पालकांनीं मुलास शेजारीं बसवून तो कागद दोघांनीं मिळून शब्द न् शब्द वाचावा, आणि न समजलेलें वाक्य आम्हां शिक्षकांकडे घेऊन यावें. दहा वर्षांवरील मुलास बँकेच्या नियमांच्या मर्यादेंत स्वतःचें बचत खातें चालवितां येतें. मानधन आलें तर तें त्या खात्यांत जमा करावें, आणि आलेल्या पत्राची प्रत वहीस टांचून ठेवावी.